चर्च लांब असलेल्या घराची प्रार्थना

उमरखेडहून नांदेड जवळ, यवतमाळ लांब आणि अमरावती त्याहून लांब. सरकारी कामाला यवतमाळ, मोठ्या दवाखान्याला नांदेड, ही विभागणी इथल्या माणसाच्या अंगवळणी पडलेली आहे. कॅथलिक घराच्या वाट्याला यात आणखी एक गुंता येतो. यवतमाळ जिल्हा अमरावती धर्मप्रांतात मोडतो. हा धर्मप्रांत 1955 मध्ये नागपूरपासून वेगळा झाला आणि 1977 मध्ये त्यातूनच औरंगाबाद धर्मप्रांत निघाला. त्यामुळे पैनगंगेच्या अलीकडचे उमरखेड अमरावतीच्या बिशपांकडे, तर पलीकडचे हदगाव आणि नांदेड औरंगाबादच्या बिशपांकडे. धर्मप्रांताच्या अगदी कडेला राहणारी घरे ही. कुणी बँकेत बदली होऊन आलेला, कुणी शाळेत शिकवणारी, कुणी दवाखान्यात नर्स, कुणाचे माहेर जालन्याकडचे तर कुणाचे केरळातले. शेजारी हरिपाठ चालतो, बुद्धवंदना होते, अजान ऐकू येते; आपल्या प्रार्थनेची घंटा मात्र कुठेच वाजत नाही.

अशा घरांत एक सवय हळूहळू रुजते. नाताळला जाऊ, गुड फ्रायडेला जाऊ, ईस्टरला जमले तर जाऊ. मधले सगळे महिने श्रद्धा कपाटात. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाचे चित्र असते, त्याच्यापुढे छोटा दिवा असतो, लेकरांना क्रूसाची खूण करता येते आणि तेवढ्यावर गाडी थांबते. यात कुणाचा आळस असतो असे मला वाटत नाही. प्रार्थना म्हणजे चर्च, फादर, गायनवृंद आणि शांत बाके असे मनात पक्के बसलेले असते. ते सगळे इथे नाही, म्हणून प्रार्थनाही नाही. हा लेख अशा घरांसाठी आहे.

आधी मुळातली गोष्ट. आपण प्रार्थना करतो म्हणून देव प्रेम करतो, असे ख्रिस्ती श्रद्धा मानत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात क्रम स्पष्ट दिला आहे: आधी त्याचे प्रेम, मग आपले. लूकच्या शुभवर्तमानातल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलगा माफीचे वाक्य पाठ करून येतो. ते पुरे होण्याआधीच बाप धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडलेला असतो. हा क्रम डोक्यात बसला की रोजच्या प्रार्थनेवरचे निम्मे ओझे उतरते. आज पाचच मिनिटे झाली, काल राहूनच गेली, म्हणून वर कुणी हजेरीपट घेऊन बसलेले नाही. मग प्रार्थना करायची कशाला? प्रेम आधीच मिळालेले असले तरी आपल्याला ते दिवसभरात विसरायला होते, म्हणून. विसरणारा माणूसच प्रार्थनेच्या वेळा ठरवतो.

तालुक्याच्या गावातल्या माणसाला यासाठी कोणता संत जवळचा? माझ्या मते फ्रान्सिस डी सेल्स. कारण साधे आहे. विदर्भातल्या कॅथलिक समाजाची पायाभरणी ज्या संघाने केली, तो त्यांच्याच नावाचा. फ्रान्समधल्या अ‍ॅनसी गावातून या संघाचे मिशनरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर भारतात आले, कामठी-नागपूरकडे स्थिरावले. नागपूरचे कॅथेड्रल आजही याच संताच्या नावाने आहे. अमरावतीचे पहिले बिशप जोसेफ रोझारिओ हेही याच संघाचे. म्हणजे हा संत आपल्याकडे पाहुणा म्हणून आलेला नाही, तो इथल्या घरचाच आहे. तरी गंमत अशी, की त्यांच्या नावाच्या शाळेत शिकलेल्या पुष्कळांना त्यांनी काय लिहिले हे ठाऊक नसते.

फ्रान्सिस यांचा जन्म 1567 चा, मृत्यू 1622 चा. ते जिनिव्हाचे बिशप होते, पण जिनिव्हा प्रोटेस्टंटांच्या ताब्यात असल्याने त्यांना अ‍ॅनसीत राहून कारभार करावा लागला. स्वतःच्या कॅथेड्रलमध्ये पाऊल ठेवता न येणारा बिशप! तरुणपणी शाब्ले प्रांतात लोक प्रवचनाला येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी पत्रके लिहून दारांखालून सरकवली. त्यामुळेच 1923 मध्ये पोप पायस अकरावे यांनी त्यांना पत्रकारांचे आश्रयदाते संत ठरवले. चर्चपर्यंत माणसे येऊ शकत नसतील तर चर्चने घरापर्यंत जावे, ही त्यांची रीत होती.

1609 मध्ये त्यांचे एक पुस्तक निघाले, भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारे. एका विवाहित, संसारी बाईला लिहिलेल्या पत्रांतून ते तयार झाले. त्या काळी भक्तीची पुस्तके बहुधा मठातल्या लोकांसाठी लिहिली जात. फ्रान्सिस यांनी सरळ म्हटले, की सैनिकाच्या छावणीतून, कारागिराच्या दुकानातून, राजाच्या दरबारातून आणि नवरा-बायकोच्या घरातून भक्तीला हाकलणे चूक आहे. मात्र प्रत्येकाची भक्ती त्याच्या कामाला आणि अंगातल्या बळाला झेपेल अशी हवी. बिशपने एकांतातल्या संन्याशासारखे राहू नये आणि मजुराने दिवसभर चर्चमध्ये बसू नये. ज्या भक्तीने आपले रोजचे काम बिघडते, ती खरी नव्हे, असा त्यांचा निवाडा आहे. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत सकाळचा एक तास ध्यानाला काढा असा सल्ला कुणी दिला, तर त्याला खुशाल हा निवाडा दाखवा.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते पाहू.

सकाळी उठल्यावर मोबाइल हातात घेण्याआधी क्रूसाची खूण करा. मग प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणा, पाठ म्हटल्यासारखी नको. त्यातल्या रोजच्या भाकरीच्या मागणीपाशी जरा थांबा आणि आजच्या दिवसाचे नेमके काम देवापुढे ठेवा: बाराव्या वर्गाचा तास, बँकेतला कर्जाचा कागद, वावरातली फवारणी, सासूबाईंची तपासणी. नाव घेऊन ठेवा. ‘सर्वांचे भले कर’ ही मागणी चांगलीच, पण ती करताना मन कुठेच टेकत नाही. हे सगळे चहा उकळेपर्यंत होते. वेळ थोडा असल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका. जास्त बोलल्याने देव ऐकतो असे समजू नका, हे येशूनेच मत्तयच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे.

शक्य असेल तर शुभवर्तमानाचा एक छोटा उतारा वाचा. कोणता वाचायचा हा प्रश्न बहुतेकांना अडवतो, आणि मग बायबल उत्पत्तीपासून सुरू होऊन लेवीय पुस्तकापाशी बंद पडते. यावर सोपा उपाय आहे. रविवारच्या मिस्सेची वाचने तीन वर्षांच्या चक्रात लावलेली असतात: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, योहान मुख्यतः उपवासकाळात आणि पास्काच्या काळात येतो. इसवी सनाला तीनने भागा. बाकी एक उरली तर मत्तय, दोन उरली तर मार्क, काहीच उरले नाही तर लूक. 2026 ला बाकी एक उरते, म्हणून ते मत्तयचे वर्ष. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की चर्चचे वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते नाताळच्या आधीच्या आगमनकाळापासून, म्हणजे नोव्हेंबरच्या शेवटी किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला लागते. त्या वर्षाचे शुभवर्तमान घरात रोज दहा-बारा ओळी वाचले, तरी जगभरच्या चर्चबरोबर तुमचे पाऊल पडत राहते. मराठीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आहे. त्याला 2013 चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. दिब्रिटो पुढे उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. जुन्या भाषांतराची मराठी जड वाटणाऱ्या तरुण मुलांच्या हाती हे पुस्तक द्यावे.

वाचून झाले की एक शब्द किंवा एक विचार उचलून ठेवा. बागेतून निघताना माणूस चार फुले तोडून सोबत घेतो आणि दिवसभर त्यांचा वास घेतो, तसे करा, असे फ्रान्सिस यांनी लिहिले आहे. एसटीत उभे असताना, दुकानात गिऱ्हाईक नसताना, वर्गातून वर्गात जाताना तो शब्द परत आठवायचा. यालाही प्रार्थनाच म्हणतात.

मन भटकते, ही सगळ्यांची तक्रार. भटकणारच. ज्यांच्या नावाने आपण नवरोजा करतो, त्यांचेही भटकत होते. आविलाच्या संत तेरेसा यांनी आत्मचरित्रात कबूल केले आहे, की काही वर्षे प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच त्यांचे कान लागलेले असत. लिझ्यूच्या छोट्या तेरेसाला तर प्रार्थनेत झोप लागायची. झोप लागली म्हणून देवाचे प्रेम आटत नाही, असे तिचे म्हणणे. या दोघींना चर्चने पुढे धर्मपंडिताचा मान दिला. तेव्हा तुमचे लक्ष तुरीच्या भावाकडे गेले, तर दचकू नका. तो भावच प्रार्थनेत घ्या. काळजी जिथे आहे तिथूनच देवाशी बोलणे सुरू करणे केव्हाही प्रामाणिक. आणि पुन्हा मूळ ओळीवर हळूच या. स्वतःवर चिडचिड करू नका. स्वतःच्या चुकांशीसुद्धा सौम्य वागावे, यावर फ्रान्सिस यांनी वेगळे प्रकरण लिहिले आहे.

संध्याकाळची जपमाळ ही आपल्या घरांतली जुनी रीत. वसईकडे अजूनही घराघरांत ती ऐकू येते. पूर्ण माळेला वीस मिनिटे लागतात आणि तिथेच अडते: मुलांचा अभ्यास, मालिका, स्वयंपाक. मग एकच दशक म्हणा. चार मिनिटांचे काम आहे. सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्ये, मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, बुधवारी आणि रविवारी गौरवाची. गुरुवारची प्रकाशाची रहस्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी 2002 मध्ये जोडली. त्या दिवसाच्या पाचांतले एक रहस्य घ्यायचे, घरातल्या सगळ्यांत धाकट्याला ते सांगायला लावायचे आणि दहा नमो मरिया. पाच वर्षांच्या पोराला काना गावच्या लग्नातले पाणी-द्राक्षारसाचे प्रकरण सांगायला फार आवडते, हे आईबापांना ठाऊक आहेच. रोज एक दशक चालणारे घर मला महिन्यातून एकदा पूर्ण माळ ओढणाऱ्या घरापेक्षा पुढे वाटते.

झोपण्याआधी दिवसाकडे एकदा मागे वळून पाहा. इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात ही पद्धत बसवून दिली: आज काय मिळाले त्याचे आभार, कुठे चुकलो त्याची माफी, उद्या काय सुधारायचे त्याचा विचार. नवरा-बायकोने मिळून केले तर आणखी चांगले, पण तिथे एक पथ्य आहे. प्रत्येकाने स्वतःचेच सांगायचे.

प्रार्थनेच्या भाषेबद्दल. आपल्याकडच्या घरांत सरमिसळ असते. आई मल्याळम, वडील मराठी, मुलांची शाळा इंग्रजी. मग प्रार्थना इंग्रजीत होते, कारण ती तिघांना निम्मी-निम्मी येते. माझा आग्रह आहे, की निदान मनातले बोलणे तरी ज्या भाषेत आपण रागावतो त्या भाषेत व्हावे. मराठी कॅथलिकांना यासाठी संकोचायचे काही कारण नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, मराठी शिकला आणि 1616 मध्ये त्याने ‘ख्रिस्तपुराण’ छापले, तेही ओवीत. ज्ञानेश्वरांच्या छंदात येशूची कथा सांगायची हे त्याला चारशे वर्षांपूर्वी सुचले. योगायोग असा, की फ्रान्सिस डी सेल्स यांचा देवाच्या प्रेमावरचा मोठा ग्रंथ त्याच वर्षी निघाला. शेजारच्या अंगणातला टाळ ऐकून मनात चाल आली, तर त्या चालीवर स्तोत्र म्हणून पाहा. म्हणता येते.

आता रविवारचे. चर्चचा नियम कडक आहे आणि त्यातली सवलतही तितकीच स्पष्ट आहे. पण लोकांना नियम माहीत असतो, सवलत नसते. रविवारी मिस्सेत भाग घेणे हे कर्तव्य. ते शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेनेही पुरे होते. मिस्सा कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये चालते, म्हणून पैनगंगा ओलांडून नांदेडकडे गेलात तर ‘दुसऱ्याचा धर्मप्रांत’ हा प्रश्नच नाही. बाप्तिस्मा, लग्न यांच्या नोंदी मात्र आपल्या धर्मग्रामात व्हाव्यात, पुढे दाखला काढताना धावपळ होत नाही. आजारपण, तान्ह्या मुलाची देखभाल अशी खरी अडचण असेल तर न जाण्यात पाप नाही. आणि फादर किंवा मिस्साच उपलब्ध नसेल, तर 1983 च्या कॅनन लॉमधले 1248 वे कलम सांगते, की शब्दविधीत भाग घ्यावा किंवा एकट्याने, कुटुंबाने अथवा चार कुटुंबांनी मिळून प्रार्थनेत योग्य वेळ घालवावा. हे कलम जणू उमरखेड, महागाव, ढाणकी अशा गावांतल्या लोकांना डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिले असावे.

तेव्हा ज्या रविवारी जाता येत नाही, त्या रविवारी घरीच जमा. कसे? स्वच्छ चादर घातलेला टेबल, क्रूस, मेणबत्ती, बायबल. एक गीत म्हणा. दोन मिनिटे शांत राहून आठवड्यातल्या चुकांची माफी मागा. त्या रविवारची वाचने वाचा. पहिले वाचन घरातल्या मुलीकडे, स्तोत्र आजीकडे, शुभवर्तमान कुणा मोठ्याकडे. वाचून झाल्यावर प्रवचन देऊ नका. घरच्या प्रवचनात नेहमी एकच कुणीतरी टोमण्यांचे लक्ष्य होतो, बहुधा दहावीतला मुलगा. त्याऐवजी ज्याला जे भावले ते एका वाक्यात सांगावे, नसेल सांगायचे तर गप्प बसावे. मग मागण्या: चर्चसाठी, देशासाठी, पावसासाठी, आजाऱ्यांसाठी, गेलेल्यांसाठी. प्रभूची प्रार्थना हात धरून. त्यानंतर ख्रिस्तशरीर प्रत्यक्ष घेता येत नाही म्हणून मनाने घेण्याची प्रार्थना, म्हणजे प्रभूला आपल्या अंतःकरणात येण्याची विनंती. अर्ध्या तासात सगळे आटोपते. मग चांगला नाश्ता करा. रविवार इतर दिवसांहून वेगळा वाटला पाहिजे, विशेषतः मुलांना.

मोबाइलवरची मिस्सा? 2020 च्या टाळेबंदीने ती सगळ्यांच्या घरात आणली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला तिचा मोठा आधार आहे. धडधाकट माणसाने सोफ्यावर चहा पीत मिस्सा पाहणे मला पटत नाही. त्यापेक्षा चार माणसांनी अडखळत वाचलेले शुभवर्तमान बरे.

आणि प्रत्यक्ष मिस्सेला जाणार त्या दिवशीची एक शंका. पहाटेची एसटी, लांबचा प्रवास, काही खायचे की नाही? कम्युनियन घेण्याआधी एक तास काही खाऊ-पिऊ नये, एवढाच नियम आहे. पाणी आणि औषध चालते. म्हातारी माणसे, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना तेही बंधन नाही. तेव्हा मधुमेह असलेल्या आजोबांना उपाशी बसवून नेऊ नका.

नवसाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. आपल्या मुलखात नवस हवेत आहे आणि कॅथलिक घरेही त्यातून सुटलेली नाहीत. मुलगा पास झाला तर वेलंकनी, नोकरी लागली तर बांद्र्याची मोत माउली. चर्चने नवसाला मनाई केलेली नाही. पण देवाला मुक्तपणे दिलेले चांगल्या गोष्टीचे वचन अशी त्याची व्याख्या आहे. अटीचा सौदा त्यात बसत नाही. सौदा केला की काम न झाल्यावर देव खोटा ठरतो किंवा आपण पापी ठरतो. दोन्ही निष्कर्ष चुकीचे. आधीच केलेला नवस फेडणे आता झेपत नसेल, पैसा नाही, गुडघे चालत नाहीत, तर मनात कुढत बसू नका. आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना सांगा. योग्य कारण असेल तर नवसातून मोकळे करण्याचा किंवा त्याऐवजी दुसरे काही नेमून देण्याचा अधिकार त्यांना आहे. कितीतरी आज्या हे न कळल्यामुळे वर्षानुवर्षे धाकात जगतात.

मागितलेले मिळालेच नाही, तर? यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. बोंडअळीने पऱ्हाटी गेली, पावसाने सोयाबीन काळे पडले, कर्ज तसेच राहिले. अशा घरात जाऊन ‘देवाची इच्छा’ म्हणू नका. मला तो शब्दप्रयोग त्या क्षणी क्रूर वाटतो. बायबलमध्ये अशा वेळेसाठी दुसरी भाषा आहे आणि आपण ती वापरत नाही. दीडशे स्तोत्रांतला मोठा भाग रडगाण्याचा, भांडणाचा आहे. तेरावे स्तोत्र देवाला विचारते की अजून किती दिवस. एकशे तिसावे खोल खड्ड्यातून हाक मारते. अठ्ठ्याऐंशीवे तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. त्यात दिलाशाची एक ओळही शेवटी येत नाही आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. खुद्द येशूने क्रूसावर बाविसाव्या स्तोत्राचाच आक्रोश केला. देवावर रागावणे हाही त्याच्याशी बोलण्याचाच प्रकार आहे. त्या दिवसांत आभाराची प्रार्थना ओढूनताणून करू नका. यातले एखादे स्तोत्र मोठ्याने वाचा, शेजारी बसून वाचून दाखवा. आणि घरातला माणूस बोलेनासा झाला, जेवण टाकले, निरवानिरवीची भाषा करू लागला, तर नुसत्या प्रार्थनेवर थांबू नका. त्याला एकटे सोडू नका, डॉक्टरकडे न्या, 14416 या टेलिमानसच्या सरकारी क्रमांकावर फोन करा. मदत मागणे हे श्रद्धेच्या आड येत नाही.

धुऱ्याच्या भांडणाचेही इथेच सांगतो. भावाशी बोलणे बंद आहे आणि रोज जपमाळ चालू आहे, असे घर प्रत्येक गावात सापडते. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशूचे सांगणे असे, की अर्पण वेदीपाशीच ठेवावे, आधी जाऊन भावाशी समेट करावा आणि मग यावे. जमिनीचा निकाल तहसील किंवा कोर्टात व्हायचा तो होवो; भावाच्या पोरीच्या लग्नाला जायचे की नाही, हे मात्र आपल्या हातात आहे. जा.

एक सूचना आजाऱ्यांबाबत, आणि ही मी फार महत्त्वाची मानतो. रुग्णाभ्यंग हा संस्कार मरणाऱ्या माणसासाठीच असतो, असा जुना समज अजून गेलेला नाही. फादरांना बोलवा म्हटले की घरचे दचकतात: ‘अजून तशी वेळ आली नाही.’ मोठी शस्त्रक्रिया ठरली, गंभीर आजार निघाला, वयाने माणूस थकला, की हा संस्कार मागता येतो आणि प्रकृती पुन्हा बिघडली तर परतही घेता येतो. उमरखेडसारख्या ठिकाणी तर उशीर परवडतच नाही, कारण फादरांना यायला वेळ लागतो. माणूस शुद्धीवर असताना, पापनिवेदन करू शकत असताना बोलवा. त्याला स्वतःला प्रार्थनेत भाग घेता आला पाहिजे.

उपवासाचे थोडक्यात. भस्म बुधवार आणि गुड फ्रायडे हे दोन दिवस उपवासाचे; 18 पूर्ण झालेल्यांपासून साठाव्या वर्षात पाऊल टाकेपर्यंत. दोन्ही दिवशी मांस वर्ज्य, ते वयाच्या 14 पासून. दिवसभर वावरात राबणाऱ्याने किंवा गरोदर बाईने भुकेने चक्कर येईपर्यंत ताणू नये. वाचलेले पैसे गरजूला द्यावेत, ही या उपवासाची जुनी जोड. ती विसरली की तो नुसता डाएट उरतो.

शेजाऱ्यांपुढे प्रार्थना करायला लाजू नका आणि तिचा देखावाही करू नका. मुलांना विचारतात, तुमचा देव कोणता, तुम्ही टिकली का लावत नाही. मुलाला घरात सोप्या मराठीत उत्तर द्यायला शिकवा. भांडायला शिकवू नका. शेजारच्या घरी कुणी गेले, तर आपण जाऊन बसावे आणि मनात त्या माणसासाठी प्रार्थना करावी. गेलेल्यांसाठी प्रार्थना करण्याची आपली परंपरा आहे, ती फक्त आपल्या कबरस्तानापुरती नाही.

शेवटी एक काम, ज्याला कुणाची वाट पाहावी लागत नाही. तुमच्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत किती कॅथलिक घरे आहेत याची यादी करा: नावे, फोन, लहान मुले किती, आजारी कोण, बाप्तिस्मा व्हायचा कुणाचा राहिला. ती घेऊन आपल्या धर्मग्रामाच्या फादरांना भेटा आणि महिन्यातून एकदा, नाहीतर दोन महिन्यांतून एकदा कुणाच्या तरी घरी मिस्सा करण्याची विनंती करा. चर्च नसेल तिथे गरजेपोटी योग्य, नेटक्या जागी मिस्सा करायला कॅनन लॉची परवानगी आहे. फादरांवर अनेक गावांचा भार असतो, म्हणून तारीख त्यांच्या सोयीची घ्या, जाण्यायेण्याची व्यवस्था तुम्ही करा आणि त्याच दिवशी पापनिवेदनाला वेळ ठेवायला सांगा. ही भेट आगमनकाळ लागण्याआधी घ्या. डिसेंबरमध्ये त्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते.